दुखापत, मोठा सामना आणि खरं सांगण्याची सोय
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय त्यांनीच ठरवून ठेवला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल. वीस मिनिटं." मी म्हटलं, एआयबद्दल मोबाईल उघडला की सगळं सापडतं, त्यासाठी मला पुण्याहून भडगावला यायची गरज नाही. पण शाळेचे कबड्डीचे, खो-खोचे आणि फुटबॉलचे संघ आज हजर राहणार आहेत हे कळलं, तेव्हा मी दुसरा विषय मागून घेतला. तो असा: दुखापत झालेल्या खेळाडूने मोठ्या सामन्यात उतरावं का? आणि उतरला तर त्याचा संघाला उपयोग होतो का?

तुम्ही म्हणाल, हिला खेळातलं काय कळतं. बरोबर आहे. शाळेत असताना मी खो-खोच्या संघात राखीव होते, आणि राखीवच राहिले. पण माझी मुलगी फुटबॉल खेळते, त्यामुळे गेली चार-पाच वर्षं मी मैदानाच्या कडेला उभी असते. शिवाय माझी नोकरी बिघडलेल्या यंत्रणा चालू कशा ठेवायच्या याचीच आहे. त्या दोन्ही अनुभवांवर आज बोलते.

आपण मोठे झालो ते एका प्रकारच्या गोष्टी ऐकत. बोट मोडलं तरी खेळला, रक्त वाहत होतं तरी मागे हटला नाही. या गोष्टी खोट्या नाहीत. त्यातली भारतीय फुटबॉलमधली सर्वात मोठी गोष्ट आधी सांगते, कारण ती आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. 'मैदान' हा सिनेमा पाहिलेल्यांना थोडी माहीत असेल.

साल १९६२. जकार्ताचे आशियाई खेळ. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार चुनी गोस्वामी. संघात पी. के. बॅनर्जी होते, आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा, मूळ गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँकोही होता. बचाव फळीचा आधार म्हणजे जर्नैलसिंग, उंचपुरा, पहाडासारखा माणूस. थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्याचं डोकं फुटलं, टाके घालावे लागले. पुढच्या सामन्यात तो नव्हता. उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी होता. तेव्हा रहीमसाहेबांनी जर्नैलला मैदानात उतरवलं, पण बचावात नाही. त्याला त्यांनी आघाडीला, सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळवलं. त्याने गोल केला, भारत ३-२ ने जिंकला. ४ सप्टेंबर १९६२ ला अंतिम सामना दक्षिण कोरियाशी होता. याच कोरियाने साखळीत आपल्याला २-० ने हरवलं होतं. पुन्हा जर्नैल आघाडीला. पी. के. बॅनर्जींनी पहिला गोल केला, जर्नैलने दुसरा, आणि भारताने २-१ ने सुवर्णपदक घेतलं. त्यानंतर आजपर्यंत आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही. आणि ज्यांनी हा संघ घडवला ते रहीमसाहेब स्वतः कर्करोगाने ग्रासलेले होते. जून १९६३ मध्ये ते गेले.

ही गोष्ट सांगताना लोक टाक्यांवर भर देतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते जागा बदलणं. बचावपटूला उंच आलेल्या प्रत्येक चेंडूवर डोकं घालावं लागतं, ते त्याचं रोजचंच काम. डोक्याला टाके असलेल्या माणसाला तिथे उभं केलं असतं, तर धाडसाची गोष्ट झाली असती आणि कदाचित सामना गेला असता. रहीमसाहेबांनी बहुधा असा हिशेब केला असावा: या माणसाचं काय शाबूत आहे? पाय शाबूत आहेत, ताकद आहे, गोलाची नजर आहे. मग ते वापरता येईल अशी जागा कोणती? प्रशिक्षकाला दुखापत पूर्ण माहीत होती, म्हणूनच हा हिशेब करता आला.

एक गोष्ट मुलांसाठी स्पष्ट सांगते. आजचा डॉक्टर डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला असं सहज उतरू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. डोक्याच्या माराकडे मी पुढे वळते.

आता दुसरी गोष्ट, पन्नास वर्षांनंतरची. २०१४ ची चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा. अंतिम सामना लिस्बनला, २४ मे रोजी. माद्रिदचेच दोन संघ, रेआल आणि अॅटलेटिको. अॅटलेटिकोचा मुख्य गोल करणारा खेळाडू दिएगो कोस्टा. त्या हंगामात स्पॅनिश लीगमध्ये त्याने २७ गोल केले होते. पण एक आठवडा आधी, लीगच्या शेवटच्या सामन्यात, त्याच्या मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात, तो दुखावला. आठवडाभर उपचार झाले, परदेशात जाऊन झाले. अंतिम सामन्यात तो उतरला. आणि नवव्या मिनिटाला बाहेर गेला.

तुम्ही म्हणाल, नऊ मिनिटं खेळला, त्यात काय बिघडलं? बिघडलं ते असं. तेव्हा एका सामन्यात तीनच खेळाडू बदलता येत. त्यातली एक बदली नवव्या मिनिटालाच खर्च झाली. उरलेल्या दोन नेहमीची वेळ संपण्याआधीच वापरून झाल्या. अॅटलेटिको १-० ने पुढे होता. ९० मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत रेआलने बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला. तिथे थकलेल्या खेळाडूंना बदलायला काहीच उरलं नव्हतं. जादा वेळेत तीन गोल बसले, ४-१. कोस्टा खेळला नसता तर अॅटलेटिको जिंकला असता असं मी म्हणत नाही, ते कोणीच सांगू शकत नाही. पण दुखापतीची किंमत एकट्या खेळाडूने मोजली नाही. ती बाकीच्या दहा जणांनी, आणि बाकावर बसलेल्यांनी, शेवटच्या अर्ध्या तासात मोजली.

त्याहून जास्त गाजलेली गोष्ट १९९८ ची. विश्वचषकाचा अंतिम सामना, १२ जुलै, पॅरिसजवळ, ब्राझील विरुद्ध फ्रान्स. ब्राझीलचा रोनाल्डो तेव्हा जगातला सर्वात मोठा खेळाडू. सामन्याच्या दिवशी दुपारी त्याला झटका आला. संघाची पहिली यादी बाहेर आली त्यात त्याचं नावच नव्हतं. थोड्या वेळाने दुसरी यादी आली, त्यात नाव होतं. दवाखान्यात तपासण्या होऊन तो मैदानात आला आणि खेळला, पण रोनाल्डोसारखा खेळला नाही. फ्रान्स ३-० ने जिंकला. ज्यांनी दुपारी आपल्या मित्राला तसं पाहिलं, ते संध्याकाळी मैदानात त्याच्याकडे पाहत काय मनःस्थितीत खेळत असतील, याचा विचार करा.

मग जर्नैलसिंग चालला आणि कोस्टा का चालला नाही? हिंमत दोघांचीही सारखीच होती. फरक दुखापत कुठे आहे आणि काम काय आहे यात आहे. फॉरवर्डचं काम अचानक वेगाने धावण्याचं असतं, आणि हॅमस्ट्रिंग नेमकं त्याचसाठी लागतं. दुखापत थेट कामाच्या मुळावर होती.

आपल्या ओळखीचं उदाहरण देते, क्रिकेटमधलं. २००२ साली अँटिग्वात वेस्ट इंडीजच्या डिलनचा चेंडू अनिल कुंबळेच्या जबड्यावर बसला, जबडा मोडला. तरी तो डोक्या-हनुवटीभोवती पांढरी पट्टी बांधून उतरला, १४ षटकं टाकली आणि ब्रायन लाराला पायचीत केलं. तो फोटो कोणाला आठवत नाही? लेगस्पिन टाकायला मनगट लागतं, बोटं लागतात, खांदा लागतो. जबडा लागत नाही. वेदना भयंकर असणार, पण काम होऊ शकत होतं. आणि काम झाल्यावर तो शस्त्रक्रियेसाठी घरी परतला, पुढच्या सामन्याला थांबला नाही.

१९७० च्या विश्वचषकात जर्मनीचा बेकेनबाउर इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात खांदा निखळल्यावर हात छातीशी बांधून खेळत राहिला. जर्मनीच्या दोन्ही बदल्या संपल्या होत्या. तो बाहेर गेला असता तर दहाच जण उरले असते. पाय चालू असलेला बेकेनबाउर हा रिकाम्या जागेपेक्षा नक्कीच बरा. जर्मनी जादा वेळेत ४-३ ने हरली, पण तो निर्णय समजण्यासारखा होता. म्हणजे आणखी एक प्रश्न आला: तुझ्या जागी दुसरा कोण आहे? जखमी खेळाडूची तुलना आपण नेहमी त्याच्या स्वतःच्या चांगल्या दिवसाशी करतो. ती बाकावर बसलेल्या धडधाकट खेळाडूशी करायला हवी.

आणि एक दिवस असा, की ज्याने दोन्ही उत्तरं एकदम दिली. ३१ जानेवारी १९९९, रविवार. चेन्नईची कसोटी, पाकिस्तानविरुद्ध. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते, आणि तुमच्यापैकी निम्मे जण कुठल्या ना कुठल्या टीव्हीसमोर होते. २७१ धावा हव्या होत्या. ८२ वर पाच बाद. मग सचिन आणि नयन मोंगिया. पाठ साथ सोडत होती, प्रत्येक धावेनंतर सचिन कमरेवर हात ठेवून वाकत होता. तरी १३६ धावा. दुखापत झालेला खेळाडू मोठ्या सामन्यात खेळू शकतो का? त्याहून मोठा पुरावा काय हवा? पण शेवटी पाठीने हालचालच अवघड केली, तेव्हा लवकर संपवण्यासाठी मोठे फटके मारावे लागले. १७ धावा बाकी असताना तो झेलबाद झाला. पुढचे तीन गडी चार धावांत गेले. १२ धावांनी हरलो. दुखऱ्या पाठीने त्याला बराच वेळ खेळू दिलं, आणि नेमकी शेवटची पंधरा मिनिटं काढून घेतली. मुलांनो, हे लक्षात ठेवा. दुखापत बहुतेक वेळा सुरुवातीला सूट देते. वसुली शेवटी करते.

ही सूट मिळते कशी? मोठ्या सामन्याच्या ताणात शरीर अॅड्रेनलिन सोडतं, वेदना कमी करणारी द्रव्यं सोडतं. म्हणून मैदानात दुखत नाही आणि घरी आल्यावर पाय टेकवत नाही. आपण समजतो, दुखत नव्हतं म्हणजे लागलं नव्हतं. वेदना हा फक्त निरोप असतो. निरोप पोहोचला नाही म्हणून घटना घडली नाही असं होत नाही. वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन हेच करतं. ते स्नायू जोडत नाही, निरोप अडवतं. फाटलेला स्नायू त्या वेळात आणखी फाटू शकतो.

१९५६ साली इंग्लंडमधल्या एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन चेंडूवर झेपावला, समोरच्याचा गुडघा मानेवर बसला. तेव्हा बदली खेळाडूची सोयच नव्हती. शेवटची पंधरा-सतरा मिनिटं तो तसाच खेळला, गोल वाचवले, संघ ३-१ ने जिंकला. काही दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मानेचा मणका मोडला आहे. ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते, आणि तो माणूस शूर होताच. पण ती सांगितली जाते कारण तो जगला. जे असेच खेळले आणि नंतर कधीच नीट चालू शकले नाहीत, त्यांची गोष्ट कोणी स्मरणिकेत छापत नाही. आपल्या कानावर येतात त्या गोष्टी आधीच चाळणीतून आलेल्या असतात.

म्हणून डोकं आणि मान यांच्याबाबत आता जगभर नियम कडक होत आहेत. फुटबॉलमध्ये २०२१ पासून प्रायोगिक तत्त्वावर, आणि २०२४ पासून नियमांतच, अशी सोय आहे की डोक्याला मार लागलेल्या खेळाडूसाठी स्पर्धेला जादा बदली देता येते. कारण साधं आहे. मेंदूला मार बसला आहे की नाही हे ज्या मेंदूने ठरवायचं, त्यालाच मार बसलेला असतो. "मी ठीक आहे" हे त्याचं म्हणणं पुरावा म्हणून धरता येत नाही. डोक्याला लागलं, गरगरलं, उलटी आली, काही क्षण आठवत नाही, तर सामना संपला. मग तो तालुक्याचा असो की विश्वचषकाचा.

आता माझ्या घरातलं सांगते. मुलगी पंधरा वर्षांची. आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना चार दिवसांवर असताना सरावात घोटा मुरगळला. सुजला, निळा पडला. डॉक्टरांनी हाड मोडलं नसल्याचं सांगितलं. घरात दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, आंबेहळदीचा लेप लावा आणि बसवा. तिचे बाबा म्हणाले, पट्टी घट्ट बांधली की जमेल, वर्षभर मेहनत केली आहे पोरीने. ती स्वतः म्हणत होती, "आता दुखत नाही." आदल्या दिवशी तिच्या सरांनी तिला मैदानावर बोलावलं. कोणाशी वाद घातला नाही. म्हणाले, त्या पायावर दहा उड्या मार. मग सरळ धाव. मग धावता धावता दोन्हीकडे वळ. ती तिसऱ्या उडीला थांबली. सर म्हणाले, "सरळ धावणं तुला जमेल बेटा, पण तू खेळतेस विंगवर, तिथे वळायचंच काम आहे. उद्या तू माझ्या शेजारी बसायचंस, आणि त्यांची डावी बाजू कशी खेळते ते मला सांगायचंस."

संघ एका गोलने हरला. ती गाडीत रडत म्हणाली, "मी असते तर?" मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, आणि खोटा दिलासा देण्यात अर्थ नव्हता. पण सहा आठवड्यांनी ती पुन्हा धावत होती. आणि दुसरी एक गोष्ट मला जास्त मोलाची वाटली. नंतर त्याच संघातल्या आणखी दोघींनी सरांना येऊन सांगितलं की आमचा गुडघा महिनाभर दुखतोय, आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांना दिसलं होतं की सांगणारीला संघातून काढलं नाही, शेजारी बसवून काम दिलं.

इथे माझ्या कामाचा संबंध येतो. मोठी संगणक यंत्रणा चालवताना आम्ही धरूनच चालतो की काहीतरी बिघडणार. तेव्हा सगळं बंद पडू द्यायचं नसतं. जे चालू आहे तेवढ्यावर कमी काम करत राहायचं, याला आम्ही 'डिग्रेडेड मोड' म्हणतो. गर्दीच्या वेळी एखाद्या संकेतस्थळावर तिकीट मिळतं पण फोटो दिसत नाहीत, असं तुम्ही पाहिलं असेल. ते मुद्दाम केलेलं असतं. म्हणजे जखमी यंत्रणाही मोठ्या दिवशी उत्तम काम करते. अट एकच, की तिने आपला बिघाड कळवला पाहिजे. आम्हाला सर्वात जास्त भीती असते ती आतून बिघडलेल्या पण बाहेर हिरवा दिवा दाखवणाऱ्या यंत्राची. त्याच्यावर सगळे विसंबतात, आणि ते ऐन वेळी कोसळतं. म्हणून चांगल्या टीममध्ये एक पद्धत असते. कोणी येऊन सांगितलं की माझ्याकडे काहीतरी बिघडलंय, तर आधी त्याच्यावर ओरडायचं नाही. ओरडलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

जर्नैलसिंगचे टाके सगळ्यांना दिसत होते. कुंबळेची पट्टी सगळ्या जगाला दिसत होती. बेकेनबाउरचा हात छातीशी बांधलेला होता. त्या दुखापती उघड होत्या, म्हणून बाकीच्यांना त्याप्रमाणे खेळता आलं. माझं उत्तर हे आहे. जखमी खेळाडू मोठ्या सामन्यात उपयोगी पडू शकतो, जर दुखापत कामाच्या मुळावर नसेल, खेळल्याने ती कायमची होणार नसेल, आणि तो खरं सांगत असेल. यातली तिसरी अट नसेल, तर पहिल्या दोन तपासताच येत नाहीत.

आणि मित्रांनो, या तिसऱ्या अटीत आपण खान्देशी माणसं कच्ची आहोत. "काय व्हयनं?" असं विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं, "काय नही, चाली ऱ्हायनं." कंबर धरलेली आहे, चाली ऱ्हायनं. साखर तीनशेवर गेली आहे, चाली ऱ्हायनं. आपण हे कौतुकाने शिकलो. ज्या घरात उन्हातान्हात केळीच्या आणि कपाशीच्या शेतात माणसं राबत होती, तिथे दुखण्याला सुट्टी परवडत नव्हती. त्या पिढीला मी नावं ठेवत नाही.

आपल्या तुकडीतला एक जण आज इथे नाही. नाव घेत नाही, तुम्ही सगळे ओळखता. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत त्याला छातीत दाबल्यासारखं व्हायचं. घरी म्हणाला, पित्त आहे. मजूर मोठ्या मुश्किलीने मिळाले होते. कापूस जिनिंगला गेला की पाचोऱ्याला जाऊन दाखवतो, म्हणाला. शेतकऱ्याचा अंतिम सामना तोच असतो, वर्षातले ते तीन आठवडे. त्याने तो खेळून काढला. कापूस गेला आणि पाठोपाठ तोही गेला. त्याच्या बायकोने मला एकच वाक्य सांगितलं, "ताई, त्याने सांगितलं असतं तर कापूस आम्ही बघितला असता." ज्यांना तो वाचवायला पाहत होता, त्यांना त्याने बदली म्हणून उतरायची संधीच दिली नाही.

आणि माझ्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे तर मी वेगळंच बघते आहे. सकाळपासून मी चार जणींना जिन्याचा कठडा धरून चढताना पाहिलं. विचारलं तर सगळ्या हसल्या. घरात लग्न आहे, मुलाची बारावी आहे, सासऱ्यांचं ऑपरेशन आहे, ते झालं की बघू. आपला मोठा सामना कधी संपतच नाही. म्हणून आपल्याला तरी 'सामना झाल्यावर' हा हिशेब लागू होत नाही.

आता कामाचं बोलते. आपल्या तुकडीने शाळेला या निमित्ताने काय द्यायचं यावर काल रात्री शेवभाजी खाता खाता बरीच चर्चा झाली. कमान, पाण्याची टाकी, संगणक, सगळं आलं. माझी विनंती आहे की त्यातला एक भाग खेळाडूंच्या तब्येतीसाठी ठेवावा. तीन गोष्टी. एक, प्रत्येक संघासोबत जाणारी एक पेटी, त्यात पट्ट्या, बर्फाची पिशवी, जखम धुण्याचं साहित्य, आणि ते वापरता येणारा एक शिक्षक. दोन, तालुका आणि जिल्हा सामन्यांच्या आधी एकदा फिजिओथेरपिस्टने येऊन सगळ्या मुला-मुलींना तपासावं. आपल्याच तुकडीच्या दोन मुली या व्यवसायात आहेत, त्या यायला तयार आहेत. तीन, यात पैसा लागत नाही. संघाचा एक नियम करा की दुखापत स्वतःहून सांगणाऱ्याची संघातली जागा जाणार नाही. तो खेळला नाही तरी संघाबरोबर जाईल, बाकावर बसेल, आणि बरा झाल्यावर त्याला परत संधी मिळेल. शाळेच्या क्रीडा शिक्षकांशी मी बोलले आहे. त्यांचं म्हणणं आलं की सगळी मुलं मग बहाणे करतील. मी म्हटलं, सर, दहा उड्या मारायला लावा. बहाणा आणि दुखापत दोन्ही तिसऱ्या उडीला कळतात. सर हसले, आणि नियम करू म्हणाले. आज ते समोरच बसले आहेत, म्हणून सगळ्यांसमोर सांगून टाकते.

मुलांनो, तुमच्यातल्या कोणाचा गुडघा, घोटा, खांदा आत्ता दुखत असेल, तर पुढच्या सामन्याच्या आधी सरांना सांगा. सांगितल्यावर कदाचित तुम्ही खेळाल, वेगळ्या जागी खेळाल, किंवा बसाल. पण ते ठरवताना सगळ्यांना खरी माहिती असेल.

गुरुजनांनो, तुम्ही आम्हाला खूप शिकवलंत. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं सुजलेल्या पायांवर उभं राहून शिकवलं, हे आता कळतं. तेव्हा विचारायचं सुचलं नाही, आज विचारते. जेवणानंतर प्रत्येकाजवळ येऊन "तब्येत कशी आहे?" असं विचारणार आहे. कृपा करून "चाली ऱ्हायनं" म्हणू नका.